बद्रीनाथाचं एकुलतं एक इंग्रजी

युसूफ वडगावच्या बद्रीनाथ पाटलाला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं. तेवढं आलं नसतं तर आपण शहाणा माणूस म्हणून मेलो असतो, असं उतारवयात तो स्वतःच सांगायचा. सांगताना पटका मांडीवर काढून ठेवायचा, डोकं खाजवायचा आणि ऐकणाऱ्याच्या आधी आपणच हसून घ्यायचा.

हे क्रियापद त्याला मिळालं कसं, ती हकीकत गावाला तोंडपाठ होती. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. उर्दू लिहिता-वाचता येणारा माणूस गावात शोधावा लागे आणि इंग्रजी तर कुणी कानानं ऐकलेलं नव्हतं. अशात एका हिवाळ्यात रस्त्याची मोजणी करायला एक गोरा साहेब आला आणि त्याचा तंबू वडगावच्या आमराईत पडला. साहेबाला दूध, अंडी, जळण, घोड्याला कडबा पुरवायची सरबराई गावावर आली. गावानं ती बद्रीनाथाच्या गळ्यात घातली, कारण तो पाटलांच्या भावकीतला होता आणि बोलायला पुढे होता.

साहेब बोले ते त्याचा हैदराबादचा मुनशी उर्दूत सांगे आणि मुनशी सांगे ते बद्रीनाथ मराठीत गावाला सांगे. शेवटी गाव जे करी ते साहेबानं सांगितलेलं कधीच नसे. साहेबाला हवी असे चुन्याची खूण, गाव ओढ्याकाठी उभं करी दगडांचं देऊळ. मग साहेब कपाळाला हात लावून एकच शब्द म्हणे. तो शब्द बद्रीनाथाच्या कानावर इतका पडला की एकदा त्यानं मुनशीला त्याचा अर्थ विचारलाच. मुनशी पान चघळत म्हणाला, "मतलब ये के सुना सही, देखा सही, मगर समझा उल्टा. मिसअंडरस्टँड."

बद्रीनाथ थक्क झाला. ऐकलं नीट, पाहिलं नीट आणि समजलं उलटं, एवढ्या सगळ्यासाठी त्या लोकांनी एक अख्खा शब्द करून ठेवला होता. आपल्याकडे अशा वेळी खोटा, लबाड, आंधळा, बहिरा यांतलं काहीतरी म्हणावं लागतं आणि मग डोकी फुटतात. हा शब्द फार उपयोगाचा आहे हे त्याला तिथेच कळलं. साहेब गेला, तंबू गेला, रस्ता काही झाला नाही, पण शब्द वडगावात राहिला.

त्यानंतर गावात भांडण झालं की पारावर बद्रीनाथाला बोलावणं येऊ लागलं. रतनबाई आणि कौशल्याबाई या जावा-जावा. रतनबाईनं आपल्या वाळवणावरून मुद्दाम कोंबड्या हाकल्या असं कौशल्याबाई म्हणे, म्हणून दोघी वर्षभर बोलत नव्हत्या. बद्रीनाथानं दोघींचं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कौशल्याबाई, तुमी मिसअंडरस्टँड केलं." कौशल्याबाई बावचळली. आपण नेमकं काय केलं ते तिला कळेना, पण ते चोरी किंवा चहाडी नव्हतं एवढं कळलं. शिवाय शब्द साहेबाच्या तोंडचा. तिनं पदर सावरून "झालं आसंल" म्हटलं आणि भांडण मिटलं.

असं कितीतरी वेळा झालं. त्या शब्दाचा अर्थ बद्रीनाथाखेरीज कुणाला येत नव्हता, त्यामुळे आपण तसं केलं नाही असं म्हणायची सोय कुणाला नव्हती. मुलकी पाटील सुंदरराव हे गावातलं वडीलधारं माणूस, पण तेही निवाड्याच्या वेळी बद्रीनाथाकडे बघत. म्हाळू नावाचा एक टवाळ गडी होता. तो म्हणायचा, "पाटील, ह्ये औषिद लई गुनाचं. पर तुमी सोता कदी घेतलेलं दिसलं न्हाई." बद्रीनाथ यावर मोठ्या मनानं हसायचा. आपल्याला हे औषध लागेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

घरी मात्र या शब्दाला मान नव्हता. आमटीत मीठ जास्त झालं आणि "मला कमीच लागतं, तू मिसअंडरस्टँड केलंस" असं तो म्हणाला की बायको सत्यभामा म्हणायची, "त्ये सायबाचं पायतानासंगं भायेर ठिवत जावा."

आता हरिबाचं सांगायला हवं. हरिबा हा चौसाळ्याकडचा धनगर. सुगी उरकली की तो मेंढरं घेऊन खाली उतरे आणि चैत्राच्या सुमाराला वडगावच्या शिवारात येई. शिवारात पाऊल टाकल्यावर त्याची मेंढरं पहिल्यांदा बद्रीनाथाच्या रानात बसत. हे त्यांच्या बापांपासून चालत आलं होतं. मेंढरं बसली की रानाला खत होई, त्याबदली हरिबाला जोंधळे मिळत. पण तो नुसता व्यवहार नव्हता. हरिबाची बायको साखराबाई आली की सत्यभामा तिला आधी न्हाऊ घाली. बद्रीनाथ आणि हरिबा बांधावर बसून वर्षभराचं बोलून घेत. दोघं लहानपणी याच रानात कोकरांच्या मागे पळाले होते. दुसऱ्या कुणाला आपलं रान खतवून हवं असेल तर त्यानं थांबावं, आधी पाटलाचं रान, हे सगळं गाव धरून चाले आणि बद्रीनाथाला त्याचा भारी तोरा होता.

त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी मेंढरं आली. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला तसा बद्रीनाथ धोतर सावरत बांधावर जाऊन उभा राहिला. बरोबर म्हाळू होता, आणखीही चार माणसं होती. समोरच्या वाटेनं कळप आला, हरिबा पुढे होता. त्यानं लांबूनच बद्रीनाथाकडे पाहिलं, हात जोडले आणि वळायच्या जागी न वळता तसाच पुढे गेला. बद्रीनाथ बघतच राहिला. कळप ओढा ओलांडून शिवाराच्या पार टोकाला, आसारामाच्या पडीक रानात जाऊन बसला. आसाराम हा एकटा, कोरडवाहू शेतीचा माणूस. दावणीला दोन बैल, दुसरं जनावर नाही. त्याला फुकटचं खत मिळालं म्हणून तो खूश झाला आणि त्यानं काही विचारलं नाही.

"पाटील, वाट चुकला का काय हरिबा?" म्हाळूनं विचारलं.

बद्रीनाथ घराकडे वळला. त्याचे कान तापले होते. चार माणसांदेखत बांधावरून पुढे जाणं म्हणजे घरात न येता दारावरून जाण्यासारखं. रात्रभर त्यानं कारणं शोधली. गेल्या साली जोंधळे देताना पायलीवरून हात फिरवून माप सपाट केलं, ते झोंबलं असेल? की आसारामानं जास्तीचं कबूल केलं? कारण सापडेना तसा राग वाढला.

तरी दुसऱ्या दिवशी सत्यभामेनं रिवाज मोडला नाही. पाडव्याच्या पुरणपोळ्यांचं टोपलं घेऊन ती ओढ्यापलीकडे गेली. साखराबाई तिला बघून पुढे आली नाही. लांबूनच म्हणाली, "वैनी, तिथंच ठिवा. बांधावर." तिच्या केसांना तेल नव्हतं, मेंढरांभोवतीच्या जाळीला, वाघुरीला, कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. सत्यभामा टोपलं ठेवून परत आली.

"घेतलं?" बद्रीनाथानं विचारलं.

"हातात न्हाई घेतलं. आवो, पर मला वाटतं तिथं..."

"हातात न्हाई घेतलं!" बद्रीनाथ उठून उभा राहिला. "सनाचं अन्न हातात न्हाई घेतलं."

"आदी ऐका तर. त्यांचं काईतरी..."

"तू मिसअंडरस्टँड करतीस. तुला मान्सं कळत न्हाईत."

सत्यभामेनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाली आणि आत गेली. इथे तिनं आणखी एकदा तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिनं तरी किती वेळा उघडावं? तिलाही मान होताच की.

चारेक दिवस बद्रीनाथ धुमसत राहिला. मग एका सकाळी त्यानं पारावर सगळ्यांना जमवलं आणि गाऱ्हाणं मांडलं. हरिबा बांधावरून पुढे गेला, सणाचं अन्न त्याच्या बायकोनं हातात घेतलं नाही, धनगर माजलाय, हा गावाचा अपमान आहे. सुंदररावांनी हरिबाला सांगावा धाडला, की पारावर ये आणि काय ते बोल. सांगावा घेऊन गेलेला माणूस परत आला. हरिबा लांबूनच म्हणाला होता, "मला गावात येता यायचं न्हाई. माफी असावी."

झालं. सांगावा येऊनही जो येत नाही त्याला शिवारात ठेवायचं कशाला? सुंदरराव जरा थांबले. त्यांनी बद्रीनाथाला विचारलं, "काई गैरसमज तर न्हाई ना? तुजं त्ये इंग्रजी तूच सांग."

"मिसअंडरस्टँड न्हाई ह्ये," बद्रीनाथ ठासून म्हणाला. "म्या डोळ्यांनी बगितलंय."

ठरलं, की उद्या सकाळी हरिबानं मेंढरं घेऊन वडगावचं शिवार सोडायचं. तसा निरोपही गेला. बद्रीनाथ जिंकल्यासारखा घरी आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. सत्यभामेनं ताट पुढे केलं. त्यानं भाकरी वरणात बुडवून घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. वरणाला ना तेल होतं, ना मोहरी, ना लसणाचा वास.

"फोडनी कावून न्हाई दिली?"

"दिली न्हाई," सत्यभामा म्हणाली. "हरिबाच्या चुलीलाबी न्हाई. वारं तिकडूनच येतंय पाडव्यापासून. एकदाबी वास आला न्हाई."

बद्रीनाथाचा घास तोंडातच राहिला.

त्यांची थोरली पोरगी लहान असताना तिला देवी आल्या होत्या. तेव्हा या घरातही फोडणीचा चर्र आवाज बंद होता, सत्यभामेनं डोक्याला तेल लावलं नव्हतं, दाराला कडुलिंब होता. ती कुणाच्या दारी गेली नव्हती, कुणाचं हातात घेतलं नव्हतं. घरात काय आलंय ते कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, कारण बाई, म्हणजे देवी, आलेली असताना तिच्याविषयी बोलायचं नसतं. पोरगी वाचली. धनगर हेच सगळं मेंढरांसाठीही पाळतात, हे बद्रीनाथाला चांगलं ठाऊक होतं. डहाळे त्यानंही ओढ्याअलीकडून पाहिले होते. पाडव्याला सगळ्यांच्याच दाराला कडुलिंब असतो, म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

तो ताटावरून तसाच उठला. बाहेर ऊन रणरणत होतं. पायात वहाणा घालायचंही त्याला सुचलं नाही. ओढ्याच्या कोरड्या वाळूत तळपाय भाजले तेव्हा त्याला कळलं.

"थांबा, पाटील," पलीकडून हरिबा ओरडला. "तिथंच थांबा. म्होरं येऊ नगा."

सकाळपर्यंत हे ऐकलं असतं तर बद्रीनाथानं याचाही अपमानात हिशोब धरला असता. आता तो मुकाट थांबला. बाभळीखाली कोकरं आडवी पडली होती. त्यांच्या तोंडावर, कानांच्या आत फोड होते. साखराबाई कडुलिंबाच्या पाण्यात फडकं बुडवून त्यांची तोंडं पुसत होती. मेंढ्या पिल्लांपाशी खाली माना घालून उभ्या होत्या. आसारामाच्या विहिरीला पाणी जेमतेम होतं, म्हणून साखराबाई ते वाटीवाटीनं वापरत होती.

"हरिबा, मला सांगायचं व्हतं की रं," बद्रीनाथ म्हणाला.

"काय सांगू? तोंडानं बोलायचं आसतंय का त्ये?" हरिबा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते फार लागलं. "तुमच्या दावनीला शेळ्या हायत. तुमच्या रानात कसा वळू? न वळता म्होरं गेलो, वाटलं, पाटलाला कळंल. तुमच्या वडलांना कळलं व्हतं."

बद्रीनाथाला एकदम आठवलं. तो पोरसवदा असताना एका वर्षी हरिबाचा बाप असाच पुढे गेला होता. त्या वर्षी बद्रीनाथाचा बाप रोज उन्हं कलताना पाण्याच्या घागरी भरून ओढ्याच्या काठावर नेऊन ठेवायचा आणि काही न बोलता परत यायचा. वडिलांनी कसला तरी नवस केला असेल, असं बद्रीनाथाला तेव्हा वाटलं होतं. इतकी वर्षं तो तसंच समजत आला होता.

"उद्या निगा म्हनून सांगावा आलाय," हरिबा म्हणाला. "निगतो आमी. पर ही पिल्लं चालायची न्हाईत. जी चालायची न्हाईत ती हितंच सोडून जावी लागतील." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

बद्रीनाथ परत फिरला. वाटेत त्याच्या ध्यानात आलं की यातलं काहीच पारावर सांगता येणार नाही. शिवारात मेंढरांना देवी आल्यात हे कळलं तर शेळ्यावाले घाबरून हरिबाला उद्याऐवजी आजच हाकलतील आणि पुढे कुठलंच गाव त्याला शिवारात शिरू देणार नाही. सांगितलं नाही, तर आपण सकाळी एक बोललो आणि दुपारी दुसरं, एवढंच लोकांना दिसेल. त्याच्या साऱ्या अब्रूचा आधार असलेला तो शब्द आता त्याला स्वतःच्या अंगावर, उघडाबोडका, घ्यावा लागणार होता. एकदा वाटलं, घरी जावं, झोपावं, उद्या जे व्हायचं ते होईल. मग त्याला बाभळीखालची कोकरं दिसली.

दिवस कलायच्या सुमाराला त्यानं पुन्हा सगळ्यांना पारावर गोळा केलं.

"सुंदरराव," तो म्हणाला, "हरिबाला ऱ्हाऊ द्या. म्या मिसअंडरस्टँड केलं."

मग म्हाळू म्हणाला, "कुनी केलं म्हनले?"

"म्या."

"काय केलं त्ये तर सांग," सुंदरराव म्हणाले. "सकाळी म्हनलास, डोळ्यांनी बगितलंय."

"बगितलं बराबर. समजलो उलटं."

"मंग सुलटं काय हाय?"

"त्ये सांगता यायचं न्हाई."

लोक हसायला लागले. म्हाळूला तर बसवेना. "म्हंजी पाटील, ही कौशल्याबाई कोंबड्यांपायी फसली ती येगळी, आन् तुमी कशापायी फसला त्ये तुमालाबी ठावं न्हाई?" कौशल्याबाई पाण्याला चालली होती, तीही घागर घेऊन थांबली. इतक्या वर्षांनी आपण एकटीच नव्हतो, याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बद्रीनाथानं डोक्यावरचा पटका काढला आणि सुंदररावांच्या पायाशी ठेवला. "हसा तुमी. पर मेंढरं हलवू नगा. माजी चूक हाय, त्याची न्हाई. आन् ओढ्यापलीकडं कुनी शेळ्या सोडू नगा. तिकडं लांडगा फिरतोय."

"लांडगा फिरतोय तिथं मेंढरं ऱ्हाऊ द्या म्हनतोस?" सुंदररावांनी विचारलं. मग बराच वेळ ते बद्रीनाथाच्या उघड्या डोक्याकडे आणि वाळूनं भाजलेल्या पायांकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं, किती कळलं, ते कधीच बोलले नाहीत. पटका उचलून त्यांनी बद्रीनाथाच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "लांडगा जाईस्तोवर."

त्या संध्याकाळी बद्रीनाथानं मोट लावून घागरी भरल्या आणि एकेक खांद्यावर घेऊन ओढ्याच्या काठावर नेऊन ठेवल्या. सत्यभामाही बरोबर होती. पलीकडून हरिबा घागरी न्यायला आला, अंतर राखून उभा राहिला.

"हरिबा, म्या मिसअंडरस्टँड केलं," बद्रीनाथ म्हणाला.

"म्हंजी काय केलं?"

बद्रीनाथानं सगळ्या गावाला ज्या शब्दानं गप्प केलं होतं त्याचा अर्थ सांगायला तोंड उघडलं. सुना सही, देखा सही, हे मुनशीचं बोलणं त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. पण हरिबापुढे ते म्हणायची त्याला लाज वाटली. "चुकलो, असं सायेब लोक म्हन्तात," तो म्हणाला.

"मग चुकलो म्हना की. सायबाला कशाला आनलंय मधी?"

सत्यभामा पदराआड हसली. बद्रीनाथाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला हसूही आलं. "चुकलो, बाबा," तो म्हणाला.

काही कोकरं गेली, बरीच वाचली. मेंढरं पुन्हा हिंडूफिरू लागल्यावर साखराबाईनं पाण्याची शेवटची घागर धुऊन परत दिली आणि त्या रात्री तिच्या चुलीवरच्या लसणाच्या फोडणीचा वास वाऱ्याबरोबर थेट गावात आला. सत्यभामेनंही मग स्वतःच्या वरणाला फोडणी दिली. तोवर बद्रीनाथ तेच बिनफोडणीचं जेवण निमूट जेवत होता.

वडगावानं मात्र ही गोष्ट सोडली नाही. साहेबाचा शब्द तिथल्या जिभेला जडच जात होता, त्यामुळे लोकांनी त्याच्या जागी घरचा शब्द बसवला. कुणी काही उलटं समजून बसला की म्हाळू म्हणायचा, "ए बे, बद्रीनाथ करू नगंस." हळूहळू सगळंच गाव तसं म्हणू लागलं, युसूफ वडगावच्या बाजाराला येणाऱ्या परगावच्या लोकांच्या तोंडीही ते गेलं. नुकतीच नांदायला आलेली एक सून बद्रीनाथाच्याच समोर सासूला म्हणाली, "अत्याबाई, तुमी बद्रीनाथ केलं," आणि मग हे कुणाचं नाव आहे ते कळल्यावर घरात पळाली. बद्रीनाथानं तिला बोलावून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. साहेबाला इंग्रजीत ज्याला एवढा लांबलचक शब्द लागतो, त्याला मराठीत आपलं नाव पुरतं, असं तो त्यानंतर मोठ्या ऐटीत सांगायचा.

पुढच्या चैत्रात मेंढरं आली. बद्रीनाथ बांधावर उभा होताच. वळायच्या जागी हरिबा थांबला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पाटील, वळतोय बरं का. नीट बगून घ्या." आणि मग वळला. त्यानंतर दरवर्षी तो त्या जागी थांबून तसाच ओरडायचा आणि दरवर्षी बद्रीनाथ बांधावरून, "बगितलं, बाबा, बगितलं," म्हणायचा.

बद्रीनाथ गेला तो माघात. चैत्रात हरिबा आला तेव्हा त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. तरी वळायच्या जागी तो थांबला, बांधाकडे बघितलं आणि ओरडला, "पाटील, वळतोय बरं का."

सत्यभामा विहिरीवर धुणं धूत होती. हातातलं लुगडं तसंच ठेवून ती उठली, बांधावर आली आणि बद्रीनाथ उभा राहायचा तिथे उभी राहून म्हणाली, "बगितलं, बाबा. वळ."